रस्त्याच्या खालचं वावर

लॉन्सेस्टन,
१२ मे

रसेल,

तुम्ही सगळे बरे असाल. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून चालायला लागली, हे मला नोलीनने सांगितलं. माझी सासू मला माझ्याच आईची खबर देते. तुझ्या घरातून काही कळेल ही आशा मी कधीच सोडली आहे. कांदे निघाले असतील. बटाट्यांचं काय? तुमच्याकडे पाऊस फार झाला म्हणतात.

इकडची बातमी अशी की मी इथल्या दवाखान्यात भरती आहे आणि पाठदुखीच्या त्या गोळ्या सोडून आज नववा दिवस आहे. अक्षर वेडंवाकडं दिसतंय ते हात कापतात म्हणून. दारू प्यायलेय असं समजू नकोस. जनीनला वाटेल, नणंदबाई सुधारल्या, माफी मागायला पत्र लिहिलंय. तिला म्हणावं जरा धीर धर, पूर्ण वाच.

पहिल्या दिवशी नुसत्या जांभया. जबडा निखळतोय की काय असं वाटावं इतक्या. मग नाक गळायला लागलं आणि शिंका सुरू झाल्या, एका दमात चौदा मोजल्या मी. म्हटलं, एवढंच असेल तर हसत काढीन. मग पाय सुरू झाले. पाय माझे, पण ऐकतील तर शपथ. पलंगाच्या लोखंडी दांडीवर लाथा मारून मारून घोटे काळेनिळे झालेत. अंगावरचा काटा बसायचंच नाव घेईना. घाम फुटायचा तेव्हाच थंडी वाजायची. पोटाचं काय झालं ते लिहीत नाही, तू जेवत असशील. आता गोळ्यांऐवजी जिभेखाली विरघळणारी औषधाची पट्टी देतात, तिचा डोस हळूहळू बसतोय. मधले चार दिवस जे गेले ते मी शत्रूवरही येऊ नयेत म्हणणार नाही. तुझ्यावर यावेत असं मला रोज वाटायचं.

इथे रोज दहा वाजता आम्हाला गोल करून बसवतात. परवा समुपदेशक बाईंनी विचारलं, तुम्ही कशाच्या आधारावर हे सोसताय? एक जण म्हणाला, लेकरांसाठी. एक म्हातारी म्हणाली, कुत्र्यासाठी, त्याला दुसरं कोणी नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, माझ्या भावासाठी.

बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "किती छान. फार जीव आहे का तुमचा त्याच्यावर?"

मी म्हटलं, "नाही हो. मला त्याला कोर्टात उघडा पाडायचाय. त्यासाठी शुद्धीत असावं लागतं."

सगळे हसले. म्हातारी सगळ्यात जास्त हसली. मी काही विनोद केला नव्हता.

माझ्या गॅव्हिनच्या मृत्यूच्या चौकशीची तारीख लागली आहे, एकोणीस ऑगस्ट. तुलाही कागद आला असेलच. गेल्या वर्षी जानेवारीत पोलिसांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी काय बडबडले मला धड आठवतही नाही. शिपायाने लिहिलं, मी खाली सही केली. त्यात दोन वाक्यं आहेत. माझा नवरा एकटाच कुंपण ओलांडून अफूच्या वावरात गेला. वावराच्या मालकाला याची काही कल्पना नव्हती. ही दोन्ही वाक्यं तुझी आहेत, रसेल. माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर हात ठेवून तू सांगितलंस, "नॅर, एवढंच बोल. बाकीचं मी बघतो."

बघितलंस खरंच. तुझा अफू पिकवायचा सरकारी परवाना वाचला, पीक निघालं, गाडी नवीन आली. आणि नोलीनने हिरवळीवर बोल्स खेळायला क्लबला जायचं सोडलं, कारण तिथे एका बाईने तिला विचारलं, "तो कुंपणावरून उडी मारणारा चोर तुमचाच ना हो?" तीस वर्षं जात होती ती तिथे. आता दुपारभर खिडकीत बसून मोजे विणते. रविवारी दीड तास गाडी चालवून मला भेटायला आली, तीन जोड झालेत माझ्याकडे.

या वेळी मी नीट कपडे करून, केस विंचरून, न थरथरता उभी राहणार आहे. साक्षीदार बाई नशेत होती हे तुझ्या वकिलाला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी मी लाथा झाडतेय. मधे एकदा जरी घसरले तरी तू सुटलास, हे मलाही कळतं आणि तुलाही.

तब्येतीला जप. एकोणीस ऑगस्टला मला तू धडधाकट हवा आहेस.

नरेल


डेव्हनपोर्ट,
३० जून

रसेल,

तुझं पत्र मिळालं. साडेचार ओळी. "जुनं उकरून कुणाचं भलं होणार? आईच्या वयाचा विचार कर." आईचं वय तुला बरं आठवलं. मला घरातून काढलंस त्या दिवशीही आई एवढीच म्हातारी होती, फाटकापाशी उभी राहून रडत होती.

मी आता नोलीनच्या मागच्या खोलीत राहते. आज अठ्ठावन्नावा दिवस. झोप तीन-चार तास लागते. तोंडाला थोडी चव आली आहे, टोस्टवर लोणी लागलंय हे कळतं. रोज सकाळी नऊ वाजता नोलीन मला औषधाच्या दुकानात सोडते. तिथला इऑन पट्टी देतो, ती जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत त्याच्यासमोरच खुर्चीत बसायचं आणि मग लहान पोरासारखं आ करून दाखवायचं. आजूबाजूला खोकल्याचं औषध घ्यायला आलेले लोक. गेल्या आठवड्यात आपल्या शाळेतल्या मिसेस बॅनन भेटल्या.

"अगं नरेल, तू इथे कशी? सर्दी झाली का?"

"नाही मिसेस बॅनन, मला अफूचं व्यसन आहे. तुम्हाला काय झालंय?"

"मला आपलं सायनस," म्हणाल्या आणि पैसे न देताच निघाल्या. इऑनला त्यांच्या मागे पळावं लागलं.

मी आता असंच बोलते, रसेल. लपवण्यात फार वर्षं घालवली. म्हणून जे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं ते आता लिहिते. तू तर जाणतोसच, पण माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

गॅव्हिन एकटा गेला नव्हता. आम्ही दोघं गेलो होतो. वाट मीच दाखवली. कुंपणाची वरची तार कुठे सैल आहे ते त्याला कुठून माहीत असणार, तो बिचारा बटाट्याच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा. तार मला माहीत होती, कारण मी त्या घरात जन्मले.

आणि बाबांचा नियम मला माहीत होता. रस्त्याच्या वरचं वाईट, रस्त्याच्या खालचं नरम. आपण पाच-सहा वर्षांचे असल्यापासून ऐकत आलो ते. औषधांची कंपनी अफूच्या दोन जाती लावायला द्यायची. फुलं तीच, बोंडं तीच, शेजारी ठेवली तर देवालाही फरक कळणार नाही. पण एका जातीच्या बोंडात गुंगी असते आणि दुसरीत नुसतं विष, कारखान्यात त्याचं काहीतरी वेगळं करतात. सरमिसळ व्हायला नको म्हणून बाबा वाईट जात कायम रस्त्याच्या वर लावायचे. आज या वावरात, पुढच्या वर्षी त्या वावरात, पण रस्ता कधी ओलांडायचे नाहीत. कुंपणावर पाटी होती, मृत्यू ओढवू शकतो म्हणून. ती पाटी आपण वाचायचो का कधी? पाटी फोटो काढायला थांबणाऱ्या पाहुण्यांसाठी. आपल्याला बाबांचा नियम होता.

माझी पाठ गेली ती कांदे भरायच्या शेडमध्ये, हे तुला माहीत आहे. डॉक्टरने गोळ्या दिल्या, तीन वर्षं देत राहिला, आणि मग नियम कडक झाले तशा एका दिवसात बंद केल्या. आपल्याच वावरातली अफू समुद्रापलीकडे जाऊन गोळी होऊन माझ्याच तोंडात आली होती. ती बंद झाल्यावर मी माहेरी आले, एवढंच. बाकीच्या बायका माहेरून लोणची-जॅमच्या बाटल्या आणतात. आणि गॅव्हिनला पहिली गोळी मीच दिली होती, त्याची दाढ ठणकत होती म्हणून. तेही लिहून ठेवते.

दोन उन्हाळे आम्ही रस्त्याच्या खालून बोंडं नेली, उकळून त्यांचा काढा प्यायलो, आणि दोन्ही उन्हाळे तुला ते माहीत होतं. तुडवलेल्या ओळी तू स्वतः ट्रॅक्टर घालून मोडायचास. चोरी झाली तर कळवायची, ही परवान्याची अट आहे. पण कळवलं असतंस तर चोर म्हणून बहिणीचं नाव निघालं असतं, आणि व्यसनी माणूस घरात असला की परवान्यावर गदा. म्हणून तू मला आधी घराबाहेर काढलंस आणि मग बोंडं नेऊ दिलीस. मला वाटायचं, भाऊ आहे, डोळेझाक करतोय. मनातल्या मनात मी तुझे आभार मानायचे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तू बाजू बदललीस. वाईट जात रस्त्याच्या खाली आणलीस. कंपनीचा माणूस म्हणाला असेल, निचरा चांगला आहे, उतारा जास्त येईल. ठीक आहे, तुझं वावर, तुझा धंदा. पण बाबांनी चाळीस वर्षं पाळलेला नियम तू मोडलास आणि तो नियम ज्यांच्या हाडात मुरलाय अशा माणसांपैकी एकीलाही सांगितलं नाहीस. आईला नाही. मला तर नाहीच.

त्या बोंडांचा काढा पिऊन गॅव्हिनला दुपारी तीन वाजता झटके यायला लागले. सव्वाचारला तो गेला. ॲम्ब्युलन्स मी उशिरा बोलावली, कारण कुणाला कळू नये म्हणून आधी काढ्याची भांडी धुतली. हेही लिहून ठेव.

तू लिहितोस, समोरासमोर बोलू. ये की. मंगळवारी दुपारी ये, नोलीन केस करायला जाते. तिच्यासमोर यायची तुझी छाती नाही.

नरेल


डेव्हनपोर्ट,
२१ ऑगस्ट

रसेल,

आई बरी असेल. मुलींना माझा गोड पापा सांग, त्यांचा यात काही दोष नाही.

तू परवा मधल्या सुट्टीत कोर्टातून निघून गेलास. तुझा वकील बसून होता, पण तो तुला काय सांगायचं ते निवडून सांगेल. म्हणून मीच सगळं लिहिते. तू ऐकलं नाहीस असं तुला आयुष्यात कधी म्हणता येऊ नये.

तू जुलैतल्या त्या मंगळवारी आलास तेव्हाचं बोलणं मी न्यायाधीश बाईंना शब्दाला शब्द सांगितलं. तू आल्याआल्या बटाट्याचं पोतं ओट्यापाशी टेकवलंस, आईचा निळा लोकरी कोट खुर्चीवर टाकलास आणि म्हणालास, "तिला आता मोठा होतो, तू घाल. थंडी आहे." मग म्हणालास, शेडमागचं ते चाकांवरचं कारवान-घर रंगवून घेतलंय, येऊन राहा, फक्त जुना जबाब बदलू नकोस. मी म्हटलं, मला एकच सांग, तुला माहीत होतं का?

तू पोतं उगाच सरळ उभं केलंस.

"आदल्या दिवशी ट्रॅक्टरवरून पाहिलं मी तुम्हाला," म्हणालास. "दोन पिशव्या होत्या."

"आणि काय वाटलं तुला?"

"वाटलं, उलट्या होतील. चांगली अद्दल घडू दे एकदा, परत यायची नाहीत."

"जात बदलली आहे, हात लावू नका, एवढं ओरडून सांगितलं असतंस तरी आम्ही पिशव्या तिथेच टाकल्या असत्या."

"सांगितलं असतं तर तुम्हाला पाहिलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं, नॅर."

हेच मला दीड वर्ष ऐकायचं होतं. तुला फार हलकं वाटलं त्या दिवशी, चेहऱ्यावर दिसत होतं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

आता कोटाबद्दल. तू गेल्यावर मी तो घालून बघितला. आतल्या खिशात गोळ्यांची पट्टी होती, आईच्या नावाचं लेबल, दहाच्या दहा गोळ्या. ज्या गोळ्यांनी माझी सुरुवात झाली त्याच. मी बाथरूममध्ये टबाच्या कडेवर जाऊन बसले. दवाखान्यात सांगितलं होतं की जिभेखालची पट्टी चालू असताना त्या गोळ्या फारसं काही करणार नाहीत. डोक्याला ते माहीत होतं, हाताला नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं, रसेल. बहात्तर दिवस झाले होते आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पायसुद्धा पुन्हा झाडायला लागले, जणू काही मधे काही झालंच नाही. दीड तास बसले असेन. मग मी तुला फोन केला.

"मला काय कल्पना त्या खिशात काय आहे?" तू म्हणालास.

असेल. खरंच नसेल कल्पना. कोर्टात मी तेवढंच सांगितलं, तुझ्यावर जास्तीचं काही लादलं नाही. पण मला विचारशील तर तुझ्या हातून माणसं अशीच मरतात, तुला कल्पना नसते. फोन ठेवला आणि मला इतका राग आला की उठून उभी राहिले. त्या रागावर मी दुकानापर्यंत चाळीस मिनिटं चालत गेले. गोळ्यांची पट्टी इऑनच्या पुढ्यात टाकली आणि म्हटलं, "मोज. माझ्यासमोर मोज." त्याने मोजल्या, दहा. वहीत लिहून घेतलं. मग मला खुर्ची दिली. तुझे आभार मानायचे तर ते याच्यासाठी, दुसऱ्या कशानेही मी त्या टबावरून उठले नसते.

हे सगळं मी सांगितलं आणि सुट्टी झाली आणि तू निघालास. तुला वाटलं असेल, बहिणीचं बोलून संपलं. नव्हतं संपलं. तुला गाडायला निघाले तेव्हा मला वाटलं होतं तुझ्याबद्दल बोलले की भागेल. पण तुझ्या वकिलाने सुट्टीनंतर साधाच प्रश्न विचारला, "त्या दुपारी तुम्ही स्वतः तो काढा का प्यायला नाहीत?"

पोलिसांनी हे विचारलंच नव्हतं. तूही कधी विचारलं नाहीस. नोलीन दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणता आलं असतं की माझं पोट बिघडलं होतं. ओठांवर आलंही होतं.

आमच्याकडे एक गोळी उरली होती, रसेल. गॅव्हिनला वाटत होतं संपल्या. मी ती स्वेटरच्या दुमडीत शिवून ठेवली होती. तो चुलीपाशी उभा होता तेव्हा मी आत जाऊन ती घेतली. बाहेर आले तर त्याने दोन कप भरून ठेवलेले. मी म्हटलं, माझाही तूच घे, मला मळमळतंय. तो म्हणाला, "नक्की? पाय तर तुझे जास्त दुखतात." मी म्हटलं नक्की. त्याने परत विचारलं. मी परत नक्की म्हटलं. मग त्याने दोन्ही कप घेतले.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, हे तुम्ही आजपर्यंत का सांगितलं नाही? मी म्हटलं, आधी शुद्ध नव्हती, आणि शुद्ध आल्यावर माझ्या सासूची भीती वाटत होती. त्यांनी लिहून घेतलं. हे कोर्ट कुणाला शिक्षा देत नाही, काय झालं एवढंच लिहितं, हे तुला वकिलाने सांगितलंच असेल. तुझ्या परवान्याची कागदपत्रं मात्र मागवली आहेत. मला वाटलं होतं ते ऐकून मजा येईल. आली. खोटं कशाला बोलू? पण पायऱ्या उतरेपर्यंतच टिकली.

नोलीनने गाडी चालवली. आत आल्यावर तिने हॅट काढली, स्वयंपाकघरात बसली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"दोन्ही कप?"

"हो."

"तुला विचारलं त्याने?"

"दोनदा."

"तसाच होता तो," ती म्हणाली. मग टेबलावरचा कपडा सरळ केला. "घर सोड असं मी म्हणणार नाही. कुठे जाशील, परत त्याच्यातच जाशील. पण उद्यापासून मी तुला दुकानात सोडणार नाही. मला तुझ्या शेजारी बसवणार नाही सध्या."

मी म्हटलं बरं. काल चालत गेले, आजही चालत गेले. जाऊन-येऊन दीड तास लागतो. एकशे दहावा दिवस आहे आज.

आता तुझं. काल संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या भावाने त्याला आदल्या दिवशी पाहिलं ना?"

मी म्हटलं हो.

"गॅव्हिनला पुरलं त्या दिवशी माझा हात धरून तुझा भाऊ म्हणाला, कुंपणावर पाट्या लावल्या होत्या हो, तरी गेला. तेव्हा पाहिलेलं बोलला नाही."

"नाही बोलला."

ती एवढंच म्हणाली, "मला त्याला एक विचारायचंय."

तर रसेल, येत्या गुरुवारी अकरा वाजता तू इथे ये. मी तिला सांगून टाकलंय की तू येशील. जनीनला आणू नकोस, वकिलाला नको, बटाटे नकोत. आला नाहीस तर मी तिला तुझ्या दारात घेऊन येईन, आणि तेव्हा मुली घरी असतील अशीच वेळ बघेन.

घाबरू नकोस, ती ओरडणार नाही, शिव्या देणार नाही. परवान्याशी तिला काही देणंघेणं नाही, तू कबूल केलंस की नाही याच्याशीही नाही. ती तुला काय विचारणार ते मला माहीत आहे, आज तिने माझ्यासमोर दोन-तीनदा म्हणून बघितलं. तिचं म्हणणं, नरेलच्या बोलण्यावर आता माझा विश्वास नाही, आणि तिच्याखेरीज माझ्या मुलाला धडधाकट चालताना शेवटचं पाहिलेला माणूस तो एकटाच. म्हणून ती तुला विचारणार आहे, तू ट्रॅक्टरवरून पाहिलंस तेव्हा तो कसा दिसत होता. काय घातलं होतं, हसत होता का, दमला होता का.

तो हसत होता, रसेल. पिशवी डोक्यावर घेऊन मला हसवायला नाचत होता. तू पाहिलंयस ते. मी बघ, तुला उत्तर आधीच सांगून टाकलं, म्हणजे आठवत नाही म्हणायची सोय राहिली नाही. पण म्हणायचं तुलाच आहे, तिच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून.

पूर्ण शुद्धीत,
तुझी बहीण,
नरेल